इतिहासाची सहल : गावाच्या वेशीपासून राजधानीपर्यंत

दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हा भरू लागल्या म्हणजे प्राथमिक शाळांतून सहलीच्या गोष्टी निघू लागतात. बारामती व इंदापूर तालुक्यांतील शाळांची दृष्टी अशा वेळी साहजिकच पुण्याकडे वळते. बारामतीहून पुणे सुमारे १०० किलोमीटर व इंदापूरहून सुमारे १३५ किलोमीटर आहे. पहाटे निघून रात्री परत येता येते. पेशव्यांच्या काळी जेथून मराठी राज्याचा कारभार चालला ते हे नगर मुलांनी एकदा तरी पाहावे, अशी पालकांचीही इच्छा असते.

परंतु सहलीहून आलेल्या मुलास 'काय पाहिलेस?' असे विचारावे, तर तो वाड्याचा मोठा दरवाजा, गाडीत म्हटलेली गाणी आणि वाटेत खाल्लेला खाऊ यांपलीकडे फारसे सांगू शकत नाही. यात मुलाचा दोष नाही. काय पाहावयाचे व ते कशासाठी पाहावयाचे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. एका दिवसात दहा ठिकाणे दाखविण्याच्या घाईत त्याचे डोळे थकतात आणि मन मात्र रिकामेच राहते.

याहूनही मोठी हानी आणखी एक आहे. इतिहास पुण्यास घडला, रायगडास घडला, दिल्लीस घडला. आपल्या गावी केवळ शेती झाली आणि गुरे राखली गेली, असा समज खेड्यातील मुलाच्या मनात नकळत रुजलेला असतो. तयारीवाचून केलेली राजधानीची सहल हा समज अधिकच पक्का करते. वस्तुतः बारामती व इंदापूर या तालुक्यांचा पुण्याशी असलेला संबंध चारशे वर्षांचा आहे. तो संबंध आधी गावात शोधावा, त्यातून निघालेला प्रश्न बरोबर घेऊन पुण्यास जावे आणि उत्तर घेऊन गावी परतावे, अशी सहलीची आखणी असली पाहिजे. ती कशी करावी याचा विचार पुढे केला आहे.

१. गावाकडून राजधानीकडे जाणारे धागे

सहलीपूर्वी शिक्षकाने स्वतःच्या परिसरातील असे दोन किंवा तीन धागे निवडावेत. या दोन तालुक्यांपुरते पुढील धागे सर्व शाळांना उपयोगी पडतील.

पहिला धागा भोसले घराण्याचा. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे सतराव्या शतकाच्या आरंभीच्या काळात इंदापूरच्या लढाईत पडले. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी गढी इंदापुरात आहे. पुणे व सुपे हे परगणे भोसल्यांच्या जहागिरीत होते. त्यांपैकी सुपे आज बारामती तालुक्यात आहे. १६५६ मध्ये महाराजांनी संभाजी मोहिते यांच्याकडून सुपे आपल्या ताब्यात घेतले. आजोबा इंदापुरी पडले आणि नातू पुण्याच्या लाल महालात वाढला, एवढे एक वाक्य मुलांच्या मनात ठसले तरी इंदापूर व पुणे ही दोन ठिकाणे त्यांच्या मनात कायमची जोडली जातात.

दुसरा धागा बारामतीच्या नाईक घराण्याचा. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांची कन्या भिऊबाई ही बारामतीच्या आबाजी नाईक यांस दिलेली होती. म्हणजे शनिवारवाडा बांधणाऱ्या बाजीरावाची सख्खी बहीण बारामतीची सून होती. हे नाईक मोठे सावकार होते व पेशव्यांशी त्यांचे देण्याघेण्याचे व्यवहार होते. आबाजींचे बंधू बाबूजी नाईक यांनी तर १७४० मध्ये बाजीरावाच्या मृत्यूनंतर पेशवेपद आपणास मिळावे म्हणून साताऱ्यास खटपट केली होती. पुढे याच घराण्याच्या आश्रयाने कविवर्य मोरोपंतांनी बारामतीस राहून आपली काव्यरचना केली. त्यांचा जन्म १७२९ मध्ये पन्हाळगडी झाला आणि १७९४ मध्ये बारामतीस त्यांनी देह ठेवला. कऱ्हेकाठचा नाईकांचा वाडा पाहिलेले मूल शनिवारवाड्यापुढे उभे राहील, तेव्हा ते परक्याच्या दारात उभे राहणार नाही.

तिसरा धागा जमिनीचा. पेशवाई १८१८ मध्ये संपल्यावर इंग्रजांनी पुणे प्रांतात जमिनीची पाहणी केली. प्रिंगल या अधिकाऱ्याने ठरविलेले साऱ्याचे दर शेतकऱ्यांस पेलले नाहीत. अनेकांनी जमिनी टाकल्या. तेव्हा १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने पाहणी केली आणि तीस वर्षांपर्यंत सारा वाढणार नाही असे ठरविले. पुढे ही पद्धत मुंबई इलाख्यात सर्वत्र पसरली. ज्या सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी आज प्रत्येक शेतकरी तलाठ्याकडे जातो, त्यामागील शेतवार मोजणीची मुळे अशा प्रकारे इंदापूरच्या मातीत आहेत.

चौथा धागा सुप्याच्या उठावाचा. तीस वर्षांची मुदत सरल्यावर फेरआकारणीत सारा वाढला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, चढलेला कापसाचा भाव युद्ध संपताच कोसळला. शेतकरी कर्जात बुडाला. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जरोखे व हिशेबाच्या वह्या हिसकावल्या व जाळल्या. हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावी पोहोचले. राग मुख्यतः कागदांवर होता. ज्यांनी कागद देऊन टाकले त्यांना बहुधा उपद्रव झाला नाही. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांस कर्जाच्या कामी संरक्षण देणारा कायदा झाला. याच काळात पुण्यात महात्मा जोतीराव फुले शेतकऱ्यांच्या दैन्याविषयी लिहीत होते. त्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मधील आहे.

हा भाग शिकविताना शिक्षकाने तोल सांभाळावा. कर्ज, सारा व बाजारभाव यांच्या कात्रीत माणूस कसा सापडला, हे मुलांना समजावे. आज गावात राहणाऱ्या कोणत्याही कुटुंबाविषयी त्यांच्या मनात कटुता येऊ नये.

पाचवा धागा पाण्याचा. शनिवारवाड्याजवळून वाहणारी मुठा नदी मुळेस मिळते, मुळा-मुठा पुढे भीमेस मिळते आणि भीमा इंदापूर तालुक्याच्या सीमेवरून वाहत जाते. नीरा नदीही तालुक्याच्या टोकाशी नीरा नरसिंहपूर येथे भीमेस मिळते. लाल महालातील बालशिवाजी ज्या मुठेचे पाणी पाहत होता, तेच पाणी पुढे इंदापूरकडे येते, हे ऐकून लहान मुलांचे डोळे चमकल्यावाचून राहत नाहीत.

२. पूर्वतयारीचे चार पाठ

सहलीच्या आधीच्या चार आठवड्यांत, दर आठवड्यास एक याप्रमाणे, चार पाठ घ्यावेत.

*पहिला पाठ : काळाची दोरी.* वीस मीटर लांबीची सुंभाची दोरी घ्यावी. एक मीटर म्हणजे वीस वर्षे असे प्रमाण धरावे. दोरीचे एक टोक म्हणजे इ. स. १६०० व दुसरे टोक म्हणजे इ. स. २०००. महाराजांचा जन्म १६३० चा, म्हणून दीड मीटरवर पहिली चिंधी बांधावी. शनिवारवाड्याचा पाया १७३० चा, म्हणून साडेसहा मीटरवर दुसरी. सुप्याचा उठाव १८७५ चा, म्हणून पावणेचौदा मीटरवर तिसरी. आणि उजनी धरण १९८० चे, म्हणून एकोणीस मीटरवर चौथी. मुलांनी दोरीच्या बाजूने चालत जावे. महाराज व बाजीराव एकाच काळी होते असे मानणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. त्या दोघांमध्ये शंभर वर्षांचे, म्हणजे पाच मीटरांचे अंतर आहे, हे पायांनी चालल्यावर पुन्हा सांगावे लागत नाही.

*दुसरा पाठ : गुंठ्याची मोजणी.* जुन्या मोजणीतील साखळी ३३ फूट लांबीची असे. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा आणि ४० गुंठे म्हणजे एक एकर. शाळेच्या पटांगणात चुन्याने एक गुंठा आखावा. त्यात किती मुले मांडी घालून बसू शकतात ते मोजावे. प्रत्येक मुलाने आपल्या दहा पावलांची लांबी मोजून वहीत लिहून ठेवावी. याच पावलांनी त्याला पुढे पुण्यास वाड्याचा तट मोजावयाचा आहे. गणिताचा व इतिहासाचा तास अशा रीतीने एकत्र येतो.

*तिसरा पाठ : वडीलधाऱ्यांची साक्ष.* मुलांनी घरातील आजी-आजोबांस तीन प्रश्न विचारून यावे : आपले घराणे या गावी कधी व कोठून आले? गावातील सर्वांत जुनी वास्तू कोणती? पुण्यास तुम्ही पहिल्यांदा कधी व कशासाठी गेला होता? या तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे विलक्षण असतात. कोणी पालखीबरोबर गेलेले असते, कोणी कोर्टाच्या कामासाठी, कोणी दवाखान्यात, तर कोणी गिरणीत काम मिळविण्यासाठी. राजधानीचा व खेड्याचा संबंध कसा असतो याचा हा सर्वांत खरा पाठ होय. भीमाकाठच्या शाळांतून तर आणखी एक प्रश्न विचारावा : धरण होण्यापूर्वी आपले गाव कोठे होते? पळसदेवचे जुने देवालय उजनीच्या पाण्यात गेलेले आहे व पाणी फार ओसरले म्हणजे ते वर दिसू लागते. ज्या आजीने त्या देवळात दिवा लावलेला असेल, तिच्याइतका उत्तम इतिहास-शिक्षक शाळेस मिळणार नाही.

*चौथा पाठ : नकाशा व प्रश्न.* मुलांनी शाळेपासून पुण्यापर्यंतचा मार्ग काढावा व त्यावर नद्या, गावे आणि डोंगर दाखवावेत. त्यानंतर वर्गाचे सहा-सात मुलांचे गट पाडावेत आणि प्रत्येक गटाने पुण्यास नेण्यासाठी एकच प्रश्न ठरवावा. तो प्रश्न मुलांच्या भाषेत असावा. 'भिऊबाईचे माहेर केवढे होते?' 'महाराज राहिले तोच हा लाल महाल काय?' 'वाडा जळला, मग आत काय होते हे आपल्याला कसे कळले?' असे प्रश्न निघाले, तर तयारी पुरी झाली असे समजावे.

३. प्रवास हाही पाठच

बारामतीकडील शाळांनी शक्य असल्यास मोरगाव, जेजुरी, सासवड व दिवे घाट या मार्गाने जावे. वाटेत पुरंदर किल्ला दूरून दिसतो. संभाजी महाराजांचा जन्म तेथे १६५७ मध्ये झाला व मोगलांशी झालेला पुरंदरचा तह १६६५ चा. परतताना चौफुल्यावरून सुप्यास उतरावे. तेथे अर्धा तास थांबून १८७५ ची हकीकत त्या गावातच सांगावी. इंदापूरकडील शाळांचा मार्ग सोलापूर महामार्गाने पळसदेव, भिगवण, पाटस व यवत असा जातो. हा भीमथडीचा मुलूख. येथील तट्टे एके काळी प्रसिद्ध होती. डोंगर-दऱ्यांतून दूरवर मजल मारणाऱ्या मराठी स्वाराचा त्याच्या घोड्यावर केवढा भरवसा असे, हे येथे सांगावे. गाडीत गाणी अवश्य म्हणावीत, परंतु प्रत्येक नदी ओलांडताना तिचे नाव एका गटाने मोठ्याने सांगावे.

४. पुण्यातील पाहणी

एका दिवसात तीन किंवा फार तर चार ठिकाणे पाहावीत. युरोपातील राजधान्यांच्या संग्रहालयांत शाळकरी मुलांचे गट एखाद्याच चित्रापुढे वा मूर्तीपुढे जमिनीवर बसून रेखाटन करताना दिसतात. बाकीची दालने त्या दिवशी राहून जातात आणि त्यात कोणास उणेपण वाटत नाही. हा संयम आपल्या सहलींतही यावा.

आरंभी एक गोष्ट स्पष्ट करावी. छत्रपतींची गादी पुण्यास नव्हती. शिवाजी महाराजांची राजधानी रायगड व पुढे शाहू छत्रपतींची सातारा. पुणे हे पेशव्यांचे, म्हणजे प्रधानांचे ठाणे होते. कारभार तेथून चाले म्हणून राजधानीचे महत्त्व त्यास आले.

*शनिवारवाडा.* पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी व वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी झाली. प्रथम बाहेरच थांबावे. दिल्ली दरवाज्याच्या फळ्यांवरील अणकुचीदार खिळे मुलांना दाखवून ते कशासाठी असतील याचा तर्क त्यांनाच करू द्यावा. हत्तीने धडक देऊन दार फोडू नये म्हणून ही योजना आहे. तटाची खालची बाजू दगडी व वरची विटांची आहे, हेही त्यांनीच पाहून सांगावे. तटाची एक बाजू पावलांनी मोजून किती साखळ्या भरते ते वहीत लिहावे.

आत गेल्यावर बहुतेक मुले निराश होतात. चौथरे, कारंज्यांचे अवशेष व हिरवळ, एवढेच तेथे आहे. याच क्षणी खरा पाठ सुरू होतो. तो साधारण असा व्हावा :

गुरुजी : येथे वाडा दिसत नाही. मग वाडा होता हे कशावरून?
मुले : जोती आहेत. दगड आहेत. बाहेर तट आहे.
गुरुजी : जोती दगडाची राहिली. वरचे काय झाले असेल?
मुले : पडले असेल. जळाले असेल.
गुरुजी : आपल्या गावच्या जुन्या वाड्यांत वरचा मजला कशाचा असतो?
मुले : लाकडाचा. तुळयांचा.
गुरुजी : बरोबर. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी येथे इंग्रजांचे निशाण लागले आणि १८२८ च्या फेब्रुवारीत मोठी आग लागून वाडा जळाला. लाकूड गेले, दगड राहिला.

गावच्या वाड्याची आठवण देऊन मिळविलेले हे उत्तर मुले विसरत नाहीत. नारायणराव पेशव्यांचा वध याच वाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी झाला. ती घटना सांगावी, पण भुताखेताच्या कथांचे रंग तीस देऊ नयेत. अठरा वर्षांच्या पेशव्याचा घरच्या कलहात बळी गेला, ही वस्तुस्थिती पुरेशी हृदयद्रावक आहे.

*लाल महाल.* शनिवारवाड्यापासून हे ठिकाण पायी काही मिनिटांच्या अंतरावर आहे. ५ एप्रिल १६६३ रोजी रात्री महाराजांनी शाहिस्तेखानावर छापा घातला तो येथे. मात्र आज दिसणारी इमारत मूळची नाही. ती विसाव्या शतकात, १९८० नंतरच्या वर्षांत, पुणे महानगरपालिकेने उभारलेली आहे. हे मुलांपासून लपवू नये. 'जागा तीच, घर नवे' असे सांगितल्याने श्रद्धा कमी होत नाही. खरे बोलणाऱ्या शिक्षकावरील विश्वास मात्र वाढतो.

*फुले वाडा.* गंज पेठेतील जोतीराव व सावित्रीबाई फुले यांचे हे राहते घर. त्यांनी १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. ती जुनी इमारत स्मारकासाठी २०२३ मध्ये उतरविण्यात आली. फुले वाड्यात सुप्याचा धागा पुरा करावा. राजवाडा मोठा व हे घर लहान, पण आपल्या वर्गातील मुली आज येथवर सहलीस येऊ शकल्या त्याचे कारण या दोहोंपैकी कोणत्या घरात आहे, असा प्रश्न विचारून क्षणभर शांत राहावे.

*राजा दिनकर केळकर संग्रहालय.* वेळ उरल्यासच येथे जावे. सर्व मजले पाहण्याचा हट्ट धरू नये. दिवे, अडकित्ते, भांडी अशा वस्तूंपैकी, आपल्या घरी वा आजोळी पाहिलेली एक वस्तू प्रत्येक मुलाने शोधावी व तिचे चित्र काढावे. घरच्या माळ्यावर पडलेला दिवा संग्रहालयाच्या काचेआड पाहिल्यावर मुलाची त्या माळ्याकडे पाहण्याची दृष्टी पालटते.

५. ऐकीव व सिद्ध यांतील भेद

इतिहास-शिक्षणाचा एक मोठा हेतू असा की, मुलाने 'हे कशावरून?' असे विचारण्यास शिकावे. याचे एक उत्तम उदाहरण नजीकच्या काळातील आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे २०२४ मध्ये काही मुदतीसाठी साताऱ्याच्या संग्रहालयात आणली गेली व ती पाहण्यास लोकांनी गर्दी केली. हीच वाघनखे महाराजांनी अफजलखानाच्या भेटीत वापरली होती असे निश्चित सिद्ध करता येत नाही, असे त्या संग्रहालयानेच नमूद केले आहे. ज्या राजधानीत ती वस्तू जपली गेली तेथील जाणकारही आपल्या माहितीची मर्यादा सांगतात, ही गोष्ट मुलांस अवश्य सांगावी. वहीच्या पानावर दोन रकाने आखून 'पाहिले' व 'ऐकले' अशी नोंद सहलीत सर्व मुलांनी ठेवावी. खिळे पाहिले; हत्ती ऐकले. जोती पाहिली, आग ऐकली. चौथीच्या मुलालाही हा भेद सहज कळतो.

६. खर्च आणि मागे राहणारी मुले

सहलीचा खरा कस येथे लागतो. वर्गात चाळीस मुले असतात व सहलीचे पैसे पंचवीस मुले आणतात. उरलेली पंधरा मुले त्या दिवशी शाळेत येऊन रिकाम्या बाकांकडे पाहत बसतात. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्यांच्या परिसरातील शाळांत काही महिन्यांसाठी आलेली मुले तर बहुधा यादीतच नसतात. पुण्याचा इतिहास पाहून आलेल्या पंचवीस मुलांनी त्या दिवशी आणखी एक पाठ शिकलेला असतो : काही मुले मागे राहिली तरी चालते. हा पाठ शाळेने शिकविता कामा नये.

यासाठी पुढील क्रम पाळावा. सर्वप्रथम वाहन, प्रवेशशुल्क, भोजन व आकस्मिक खर्च यांचा अंदाज करून सबंध वर्गाची एकूण रक्कम काढावी. एस. टी. महामंडळ शालेय सहलींसाठी भाड्यात सवलत देते. तिचा चालू दर व अटी आगारात विचारून घ्याव्यात. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत पंधरा वर्षांखालील मुलांस प्रवेशशुल्क नाही व शनिवारवाडा त्यांत येतो. दुपारची भाकरी घरून आणावी व एकत्र बसून खावी. एकूण रकमेपैकी जेवढी तूट पडेल ती शाळा व्यवस्थापन समिती, ग्रामपंचायत व माजी विद्यार्थी यांच्याकडून आधी भरून काढावी आणि मगच सहलीची घोषणा मुलांपुढे करावी. कोणी किती दिले याची यादी वर्गात कधीही वाचू नये. हंगामापुरत्या आलेल्या मुलांची नावे पहिल्या यादीतच घालावीत.

इतके करूनही रक्कम जमली नाही, तर पुण्याचा बेत पुढील वर्षावर टाकावा व त्या वर्षी सुपे, बारामतीचा वाडा किंवा इंदापूरची गढी येथे जावे. निम्म्या वर्गाने पाहिलेल्या राजधानीपेक्षा सबंध वर्गाने पाहिलेली गढी अधिक मोलाची होय.

७. परवानगी व सुरक्षितता

गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयामार्फत पूर्वपरवानगी घेतल्याशिवाय सहल काढू नये. प्रत्येक पालकाचे लेखी संमतिपत्र घ्यावे. मुलींबरोबर शिक्षिका असावीच. औषधांची पेटी, मुलांची यादी व पालकांचे दूरध्वनी क्रमांक दोन शिक्षकांजवळ वेगवेगळे ठेवावेत. गाडीत चढताना व उतरताना प्रत्येक वेळी मोजणी करावी. गटाच्या नायकाने आपल्या गटाची मोजणी आधी सांगावी, म्हणजे ती लवकर होते.

पाण्याविषयी विशेष सावधगिरी बाळगावी. उजनीचा फुगवटा, नीरेचा कालवा व नदीचे घाट ही ठिकाणे केवळ काठावरून, दूर उभे राहून दाखवावीत. मे २०२४ मध्ये कळाशीजवळ उजनीच्या पाण्यात नाव उलटून सहा जणांचा अंत झाला. पळसदेवचे देवालय पाहण्यासाठी मुलांना नावेत बसविण्याचा मोह कोणत्याही शाळेने धरू नये.

८. परतल्यावर

गावी परतताच सहल संपली असे समजू नये. दुसऱ्या दिवशी गटांनी आपापल्या प्रश्नांची उत्तरे वर्गापुढे मांडावीत. पावलांची मोजणी फळ्यावर मांडून तिची सरासरी काढावी. 'पाहिले' व 'ऐकले' या रकान्यांतील नोंदींवर चर्चा व्हावी. पंधरा दिवसांत एका सायंकाळी पालकांस व विशेषतः आजी-आजोबांस शाळेत बोलवावे. काळाची दोरी पटांगणात ताणावी. त्या दोरीवर पुण्याच्या चिंध्यांबरोबर गावाच्याही चिंध्या असाव्यात : मंदिर केव्हाचे, शाळा केव्हा निघाली, कालवा केव्हा आला, वीज केव्हा आली. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला. तो ज्या गावच्या शिवारातून जातो, त्या गावाने त्याची चिंधी विसरू नये.

या दोरीपाशी एखादी आजी थांबेल व 'अरे, आमचं गाव पाण्यात गेलं ते कुठं बांधलंय?' असे विचारील. तेव्हा एखाद्या मुलाने तिचा हात धरून तिला एकोणीस मीटरवरील चिंधीपाशी नेले, म्हणजे सहल सफल झाली असे शिक्षकाने खुशाल समजावे. शनिवारवाडा व आपली आजी यांची जागा एकाच दोरीवर आहे, हे त्या मुलास कळून चुकलेले असेल.